कपच्यांची साक्ष : जपानातील अश्मयुगीन हत्यारे



वसंतातील व्याख्यानांत श्रोत्यांना सहसा संतवाङ्मय, राजकारण, अर्थकारण आणि संगीत यांची मेजवानी मिळते. आज पाळी दगडांची आहे, आणि तीही आपल्या सह्याद्रीच्या दगडांची नव्हे, तर पार जपानातल्या दगडांची! तेव्हा आरंभीच एक आश्वासन देऊन ठेवतो. दगड कठीण असला तरी विषय कठीण नाही. हातोडी कशी धरावी आणि साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी, या दोन गोष्टी ज्याला थोड्याफार ठाऊक आहेत त्याला आजचे सारे विवेचन समजेल. दगडाची हत्यारे माणसाने कशी घडविली हा या विषयाचा एक भाग. ती माणसानेच घडविली, आणि अमुक काळी घडविली, हे आपण कशावरून म्हणतो, हा दुसरा भाग. हा दुसरा भाग जपानला फार महागात पडला आहे. त्याची हकीकत शेवटी सांगणार आहे.

प्रथम एक जुनी नोंद. इसवी सन ८३९ मध्ये जपानच्या उत्तरेकडील देवा प्रांतात मोठे वादळ झाले. ते ओसरल्यावर समुद्रकिनाऱ्यावर दगडी बाणांची अग्रे पडलेली लोकांना दिसली, आणि ही बातमी थेट दरबारच्या इतिवृत्तात नोंदली गेली. पावसाने वरची माती धुऊन नेली आणि खालची अग्रे उघडी पडली, असा याचा साधा अर्थ आज आपण लावतो. त्या काळच्या लोकांना वाटले की हे बाण आकाशातून पडले, देवांची लढाई झाली असली पाहिजे. पुढे कित्येक शतके ही समजूत टिकली. देठ असलेली एक दगडी सुरी जपानात पुष्कळ सापडते. तिला लोकांनी नाव दिले ‘तेंगूची भाताची पळी’. तेंगू म्हणजे तिकडचा लांब नाकाचा, डोंगरात राहणारा पिशाच्चवर्गीय प्राणी. आपल्याकडे अवघड जागीची जुनी लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे सांगतात, त्यातलाच हा प्रकार. माणसाच्या हाताचे श्रेय माणसाला द्यायला माणूसच तयार नसतो.

ते श्रेय देणारे जपानातही निघाले. अराई हाकुसेकी (१६५७–१७२५) या विद्वान राजपुरुषाने ही अग्रे प्राचीन लोकांनी केलेली शस्त्रे आहेत असे प्रतिपादन केले. त्याच्या मागून किउची सेकितेई (१७२५–१८०८) या दगडांच्या वेड्या संग्राहकाने देशभरचे नमुने गोळा करून ‘उन्कोन्शी’ नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे १८७७ साली एडवर्ड मॉर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने टोकिओजवळ ओमोरी येथे शिंपल्यांचा प्राचीन ढिगारा खणला. त्यातील खापरांवर दोरीचे ठसे होते. त्या ठशांवरून त्या संस्कृतीला ‘जोमोन’ हे नाव मिळाले. जोमोन लोक मातीची भांडी करीत, शिकार आणि मासेमारी करीत, आणि दगडाची सुबक बाणाग्रे घडवीत.

परंतु जोमोनच्याही मागे काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वानांचे उत्तर एकच होते : काही नाही. टोकिओच्या भोवतालच्या पठारावर काळ्या मातीखाली तांबूस मातीचा जाड थर आहे. ही माती म्हणजे हिमयुगात ज्वालामुखींनी ओकलेली राख. आकाशातून राख कोसळत असताना तेथे माणूस कसा जगेल? म्हणून उत्खनन करताना तांबडी माती लागली की कुदळी खाली ठेवायच्या, असा जणू शिरस्ताच पडला होता. जिथे खणायचेच नाही असे एकदा ठरविले, तिथे काही सापडण्याचा संभवच उरत नाही!

हा शिरस्ता एका फेरीवाल्याने मोडला. आइझावा तादाहिरो हे त्यांचे नाव, जन्म १९२६ चा. महायुद्धानंतरच्या हलाखीत गुम्मा प्रांतातील किर्यू गावाच्या आसपास सायकलवरून ‘नात्तो’, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, विकून ते पोट भरीत. शिक्षण बेताचे, पण जुन्या वस्तूंचा नाद लहानपणापासूनचा. १९४६ साली इवाजुकू नावाच्या ठिकाणी, रस्ता काढताना कापलेल्या दरडीत, त्याच तांबड्या मातीत त्यांना काळ्या काचेसारख्या दगडाच्या बारीक कपच्या दिसल्या. खापराचा तुकडा मात्र एकही नव्हता. तीन वर्षे ते त्या दरडीकडे पुन्हा पुन्हा गेले, आणि १९४९ मध्ये त्यांना तिथे पूर्ण घडविलेले, टोकदार, काळेभोर भाल्याचे अग्र मिळाले. ते घेऊन हा माणूस टोकिओला जाई तोही सायकलवरून. जाऊन येऊन दोनशे किलोमीटरांहून अधिक रपेट! अखेर मेइजी विद्यापीठाच्या सुगिहारा सोसुके आणि सेरिझावा चोसुके यांनी लक्ष घातले. सप्टेंबर १९४९ मध्ये उत्खनन झाले, आणि तांबड्या मातीच्या पोटातून हत्यारे निघाली. जपानचा इतिहास हजारो वर्षांनी मागे गेला. आरंभी या शोधाचे श्रेय विद्यापीठाच्या पदरी पडले, आइझावांच्या वाट्याला हेटाळणीही आली. पण काळ न्याय देतो. १९६७ साली त्यांना योशिकावा एइजी सांस्कृतिक पारितोषिक मिळाले. आज जपानात त्या काळाची दहा हजारांहून अधिक स्थळे ज्ञात आहेत, आणि त्यांतील निर्विवाद अशी सर्वांत जुनी स्थळे सुमारे ३८ हजार वर्षांपूर्वीची आहेत.

आता मुख्य प्रश्न. मातीत सापडलेली कपची पाहून ‘ही माणसाने काढली’ असे आइझावांना कशावरून वाटले? त्यासाठी दगड कसा फुटतो हे पाहिले पाहिजे.

खिडकीच्या काचेवर एखाद्या पोराने गलोलीतून खडा मारला की काचेला भोक पडते. ते भोक आपण कधी न्याहाळले आहे काय? खडा लागतो त्या बाजूला ते लहान असते, पलीकडच्या बाजूला पसरट होते. म्हणजे निघालेला तुकडा शंकूच्या आकाराचा असतो. आघाताचा जोर एका बिंदूपासून शंकूसारखा पसरत जातो, म्हणून असे होते. आता हाच आघात काचेसारख्या एकजीव दगडाच्या मध्यावर न करता कडेवर केला तर पूर्ण शंकू निघत नाही, त्याचा एक पापुद्रा सुटतो. हाच छिलका. ज्यातून तो सुटला त्या दगडाला गाभा म्हणतात.

या छिलक्यावर त्याच्या जन्माची कथा लिहिलेली असते. माथ्यावर आघात झाला ती लहानशी सपाट जागा दिसते, तिला आपण आघातपीठ म्हणू. त्याच्या लगेच खाली, आतल्या अंगाला, एक फुगवटा असतो. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशा वर्तुळाकार लाटा त्या फुगवट्यापासून खाली पसरतात. गाभ्यावर याच खुणा उलट्या उमटतात : फुगवट्याच्या जागी खळगा. छिलक्याच्या पाठीवर, त्याच्या आधी निघालेल्या छिलक्यांचे व्रण असतात. म्हणून जाणता अभ्यासक एका कपचीवरून सांगू शकतो की आघात कोणत्या दिशेने झाला, आधीचे किती घाव होते, आणि कोणता घाव आधीचा, कोणता नंतरचा.

निसर्गातही दगड फुटतात. पुरात आपटतात, उन्हाने तडकतात, थंडीने उलतात. पण निसर्गाच्या घावांना क्रम नसतो. एकाच कडेवरून, एकाच दिशेने, सारख्या अंतराने आठ-दहा छिलके ओळीने काढण्याची शिस्त नदीच्या लोंढ्याला कुठून येणार? क्रम दिसला की हात दिसला, आणि हात दिसला की त्याच्यामागचे डोके दिसले.

सगळे दगड या कामी येत नाहीत. आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा असतो त्याला टाकी लावता येते, टोचून टोचून तो खरखरीत करता येतो, पण बहुधा त्याचा पातळ धारदार छिलका निघत नाही. दख्खनच्या याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे गुळगुळीत, एकजीव दगड भरलेले असतात. त्यांचे छिलके मात्र सुरेख निघतात. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, त्यात मिळालेली छोटी दगडी पाती याच जातीच्या दगडाची आहेत. सामग्री निराळी, देश निराळा, पण दगड फुटण्याचा नियम प्रवरेकाठी आणि जपानात एकच.

जपानला निसर्गाने या बाबतीत भरभरून दिले आहे. पहिला मान ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचा. लाव्हा झटकन निवला की त्यात स्फटिक धरायला अवसर मिळत नाही, त्याची काचच होते. हा दगड बहुधा काळा असतो, आणि त्याची ताजी धार वस्तऱ्यालाही हार जात नाही. होक्काइदो बेटावरील शिराताकी, मध्य जपानात नागानो प्रांताचे डोंगर, क्युशू बेटावरील कोशिदाके, ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. उत्तर होन्शूत कठीण शेल दगड वापरीत. पश्चिमेकडे, आंतर्समुद्राच्या आसपास, सानुकाइट. या काळसर दगडावर टोला मारला की घंटेसारखा नाद येतो, म्हणून तिकडचे लोक त्याला ‘कानकान-इशी’, म्हणजे जणू ‘खणखण दगड’ म्हणतात.

हत्यार घडविण्याची पहिली तऱ्हा म्हणजे दगडाने दगडावर सरळ घाव घालणे. दिसायला सोपे, करायला अवघड. आघातपीठ आणि गाभ्याची बाजू यांच्यामधला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी हवा. तो जास्त झाला की घाव वाया जातो. घाव कडेच्या फार जवळ पडला तर नुसता चुरा होतो, फार आत पडला तर दगड हातातच दुभंगतो. म्हणून कारागीर घावापूर्वी गाभ्याची नाजूक कड दगडाने घासून बळकट करतो. जाड छिलक्यासाठी कठीण दगडाचा हातोडा, आणि पातळ छिलक्यासाठी हरणाच्या शिंगाचा किंवा लाकडाचा मऊ हातोडा. आणखी एक मर्म असे की, छिलका नेहमी उंचवट्याच्या रेषेला धरून जातो. गाभ्यावर आधी एक सरळ कणा तयार केला, तर त्याच्यावरून लांब, अरुंद, समांतर धारांचे पाते निघते. ते निघाले की मागे दोन नवे कणे उरतात, आणि त्यांवरून पुढची पाती निघतात. पहिल्या पात्याला कष्ट, पुढची जणू व्याजावर!

सानुकाइटच्या मुलखात निराळी युक्ती निघाली. तिला ‘सेतोउची पद्धती’ असे म्हणतात. आधी मोठ्या धोंड्यातून एक जाड, फरशीसारखा छिलका काढायचा. मग त्या फरशीच्या एका कडेपासून, पावाच्या लादीचे काप काढावेत तसे, एकामागून एक आडवे छिलके काढत मागे मागे सरकायचे. हे छिलके लांबीपेक्षा रुंदीला जास्त, पक्ष्याच्या पसरलेल्या पंखासारखे, आणि एकसारखे एक. प्रत्येकाची एक कड मूळची धारदार असते. उरलेली जाड कड बारीक टवके काढून बोथट केली की हाताला न कापणारी सुरी तयार.

उत्तरेला होक्काइदोत याहून अजब कसब दिसते. ‘युबेत्सू पद्धती’ हे तिचे नाव, आणि ते योशिझाकी मासाकाझू यांनी १९६१ साली दिले. कारागीर आधी दगड दोन्ही बाजूंनी घडवून पानासारखा करी. मग त्या पानाच्या एका टोकावर घाव घालून त्याची लांबलचक कड उडवून देई. ही पहिली पट्टी त्रिकोणी छेदाची. तिच्या पाठोपाठ आणखी एक-दोन पट्ट्या काढी. त्या सपाट आणि लांब, बर्फावर घसरायच्या ‘स्की’सारख्या. त्यामुळे पानाच्या वर सपाट पीठ तयार होई. मग त्याच्या टोकाकडून, घाव न घालता, शिंगाच्या अणीने दाब देऊन, एक सेंटिमीटरही रुंद नसलेली पाती सोलून काढायची. ही चिमुकली पाती हाडाच्या किंवा शिंगाच्या दांड्याला खाच पाडून ओळीने बसवीत. धार बोथट झाली तर एक पाते काढून दुसरे बसवायचे, सारे हत्यार टाकायचे कारण नाही. दाढीच्या पात्याची कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही! सैबेरियातही याच कुळीची सूक्ष्म पाती मिळतात. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, तेव्हा होक्काइदो साखालिनमार्गे मुख्य भूमीला जोडलेले होते. माणसे त्या वाटेने आली आणि हातातले कसब बरोबर घेऊन आली.

जोमोन काळात, म्हणजे सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपासून पुढे, हे दाबाचे तंत्र बाणाग्रांच्या कामी आले. छिलका तळहातावर चामड्यात धरायचा आणि शिंगाच्या टोकाने त्याच्या कडेवरून बारीक खवले दाबून काढायचे. दोन-तीन सेंटिमीटरांचे सुबक अग्र तयार होई. उत्तर जपानात ते काडीला चिकटवायला जमिनीतून पाझरणारे नैसर्गिक डांबर वापरीत. त्याचे डाग काही अग्रांवर अजून दिसतात.

एक गोष्ट मात्र पुस्तकी नियमाला धक्का देणारी आहे. दगड फोडून हत्यार करणे हे पुराश्मयुगाचे लक्षण आणि घासून धार लावणे हे नवाश्मयुगाचे, असा युरोपात ठरलेला पाठ होता. जपानात तर तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थरांत, फोडलेल्याच पण तोंडाशी घासून धार लावलेल्या कुऱ्हाडी मिळतात. इवाजुकूच्या सर्वांत खालच्या थरातही त्या आहेत. जगातील सर्वांत जुन्या घासलेल्या कुऱ्हाडींत त्यांची गणना होते. नियम पुस्तकात राहिला, कुऱ्हाड मातीतून वर आली.

दगडाची आणखी एक साक्ष त्याच्या गावाविषयीची. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म द्रव्यांचे प्रमाण वेगळे असते. क्ष-किरणांच्या साह्याने ते मोजले की तुकडा कोणत्या डोंगरातला हे कळते. या तपासणीत असे आढळले की होन्शूवरील सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वीच्या स्थळांत कोझुशिमा बेटावरचा ऑब्सिडियन आहे. समुद्र अगदी खाली गेला होता तेव्हाही हे बेट बेटच होते. मध्ये तीस-चाळीस किलोमीटरांचे पाणी होते. होडीचा अवशेष एकही मिळालेला नाही, पण होडी होती हे दगड सांगतो. आणि नागानोच्या डोंगरात एक खिंड आहे, तिचे नाव ‘होशिकुसो’, म्हणजे चांदण्यांची विष्ठा! चकाकणाऱ्या कपच्या पाहून गावकऱ्यांनी हे नाव ठेवले. तिथे जोमोन लोकांनी ऑब्सिडियनसाठी खणलेले जवळजवळ दोनशे खड्डे सापडले आहेत.

आता मी ज्या हकीकतीचे वचन दिले होते तिच्याकडे वळतो. जपानची राखेची माती आम्लधर्मी आहे, तिच्यात हाडे फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे त्या काळाचा जवळजवळ सारा इतिहास दगड आणि थर या दोन साक्षीदारांवर उभा आहे. थरांच्या कामी राख फार उपयोगी. दक्षिणेकडील आइरा ज्वालामुखीचा सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्याची राख जवळपास साऱ्या जपानभर पसरली. माचिदा हिरोशी आणि अराई फुसाओ यांनी १९७६ साली तिची ओळख पटविली. तिच्या खालचे हत्यार जुने, वरचे नवे. इतका हा सरळ हिशेब. पण या हिशेबाला एक अट आहे : हत्यार त्या थरात आपणहून राहिलेले असले पाहिजे.

१९८० नंतर उत्तर जपानात एका हौशी संशोधकाला विलक्षण जुन्या थरांत हत्यारे सापडू लागली. वय वाढत वाढत सहा लाख वर्षांच्याही पलीकडे गेले. लोक त्याला ‘देवाचा हात’ म्हणू लागले. पाठ्यपुस्तकांत ही स्थळे आली. आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी ‘माइनिची’ वृत्तपत्राने छायाचित्रे छापली : तोच गृहस्थ कामिताकामोरी येथे पहाटे एकटा हत्यारे मातीत पुरत होता! त्याने कबुली दिली. त्याचा हात लागलेली स्थळे एकामागून एक रद्द झाली, पाठ्यपुस्तके बदलावी लागली.

यातले शल्य असे की दगड पहिल्यापासून खरे बोलत होते. त्या हत्यारांवर वरच्या काळ्या मातीचे कण चिकटलेले होते, शेतातल्या लोखंडी अवजारांनी ओढलेल्या गंजाच्या रेघा होत्या. हत्यारे होती, पण ती घडविताना पडणाऱ्या कपच्या नव्हत्या. सुतार आला, पाळणा करून गेला आणि अंगणात एक भुसकट नाही, यावर कोण विश्वास ठेवील? ओदा शिझुओ आणि चार्ल्स कीली यांनी १९८६ सालीच लेख लिहून शंका घेतली होती. ती ऐकली गेली नाही, कारण देशाची प्राचीनता वाढत होती, आणि ती वाढावी असे सर्वांनाच वाटत होते. १९४९ च्या पूर्वी विद्वान म्हणत, इथे काही असणे शक्य नाही. २००० च्या पूर्वी म्हणू लागले, इथे काहीही असणे शक्य आहे. दोन्ही वेळा दगडाकडे पाहण्याआधी निकाल लिहून झाला होता.

दोघेही हौशी होते, हे विसरू नये. नात्तो विकणारा आइझावा हौशी, आणि हत्यारे पुरणाराही हौशी. तेव्हा हौशी माणसांना दार बंद करावे हा काही यातला बोध नव्हे. आइझावांनी तीन वर्षे कपच्या गोळा केल्या, त्या दुसऱ्यांच्या हाती दिल्या आणि म्हटले, तुम्हीच येऊन खणा, तुम्हीच पाहा. दुसऱ्याच्या बाबतीत सापडत होता तो निकाल, आणि तपासणी कोणी मागत नव्हते.

फसवणुकीनंतर जपानी संशोधकांनी कपच्यांकडे अधिकच बारकाईने लक्ष दिले. शिराताकीला महामार्गाच्या कामानिमित्त झालेल्या उत्खननांत लाखोंनी तुकडे मिळाले. ते वर्षानुवर्षे बसून एकमेकांना जुळविले गेले, फुटलेली परात जोडावी तसे. जुळता जुळता हजारो वर्षांपूर्वीचा मूळ धोंडा पुन्हा उभा राहतो, आणि कारागिराचा पहिला, दुसरा, विसावा घाव क्रमाने मोजता येतो. काही धोंड्यांच्या मध्यभागी पोकळी राहते. ते हत्यार कारागीर घेऊन गेला! जे नेले त्याचा आकार, जे टाकले त्यावरून कळतो. शिराताकीचा हा संग्रह २०२३ साली ‘राष्ट्रीय निधी’ म्हणून घोषित झाला. त्यात तीस सेंटिमीटरांहून लांब असे भाल्याचे अग्र आहे, आणि मानाने त्याच्याच शेजारी या फेकलेल्या कपच्याही आहेत.

श्रोतेहो, ज्याने त्या कपच्या पाडल्या त्याचे नाव, भाषा, देव यांतले काहीही आपल्याला माहीत नाही. पण त्याचा एक घाव चुकला आणि पुढच्या घावाने त्याने तो सावरून घेतला, एवढे आपण निश्चयाने सांगू शकतो. तेही अनुमानाने नव्हे, पुराव्याने. इतिहासाच्या नावाखाली मोठमोठी विधाने आपल्या कानांवर नेहमी पडतात. कोणाची संस्कृती लाख वर्षांची, कोणाची त्याहून जुनी. अशा वेळी कुणाचीही मुरवत न ठेवता एकच प्रश्न विचारावा : हत्यार दाखविलेत ते ठीक, त्याच्या कपच्या कुठे आहेत?